धुतलेली किडनी

डायलिसिसचं मशीन सगळे बघतात, रीयूजच्या खोलीत कोणी डोकावत नाही. टेक्निशियनचं निम्मं कसब मात्र तिथल्या सिंकपाशी लागतं. रक्त गाळणारा डायलायझर तिथे धुऊन त्याच पेशंटला पुन्हा लावण्यासाठी तयार करतात; पेशंट त्याला ‘माझी किडनी’ म्हणतात. वीतभराहून थोडी लांब नळी, आत दहा हजारांच्या आसपास केसाएवढे पोकळ धागे; धाग्यांतून रक्त जातं, बाहेरून द्रावण.

खरं धुणं बेडवरच सुरू होतं. शेवटी सलाईनने रक्त परत देताना घाई झाली किंवा हेपरिन कमी पडलं, की धागे गोठतात. मग आरओचं पाणी कितीही सोडा, आतले तांबडे पट्टे हलत नाहीत. नळी उजेडापुढे धरायची, टोपीखाली गुठळी आहे का बघायचं आणि धाग्यांत किती पाणी मावतं ते मोजायचं. नव्याचं ११० मिली असेल, तर ८८च्या खाली गेलेला बाद. म्हणजे ८० टक्के ही हद्द. दिसायला कितीही लख्ख असला तरी बाद! ‘अजून दोनदा चालेल’ असं नुसत्या नजरेने ठरवणारे लोक मी पाहिलेत. ते मला पटत नाही.

मग परअसेटिक अ‍ॅसिड भरून किमान ११ तास ठेवायचा. त्याचा आंबट वास कपड्यांतून जाता जात नाही. पण जुन्या फॉर्मॅलिनपेक्षा परवडला. हिपॅटायटिस बी असलेल्याचा डायलायझर मात्र धुवायचाच नाही. बाकीच्यांचा ज्याचा त्यालाच लागला पाहिजे; आमच्याकडे एकाच आडनावाचे तिघे आहेत, म्हणून लेबलवर लाल शाईने ‘नावसाम्य’ लिहितो.

पूर्वी सेल्युलोजचा नवा डायलायझर लावला की काहींना खाज सुटे, छातीत दुखे. तेव्हा धुतलेलाच बरा, असं म्हणायला आधार होता. पॉलीसल्फोन आल्यावर तो मुद्दा जवळजवळ संपला. आता कारण उरलं पैशाचं, आणि ते लपवू नये. आठवड्यातून दोन-तीनदा, तेही आयुष्यभर, नवा घेणं अनेक घरांना झेपत नाही. नीट धुतलेला डायलायझर मी निर्धास्त लावतो. पाणी खराब असेल किंवा मोजणी होत नसेल, तर नाही.

म्हणून नातेवाइकांना सांगणं एवढंच: लावण्याआधी लेबलवरचं नाव स्वतः वाचा. कितवा वापर, किती मिली भरलं, हे विचारा. अ‍ॅसिड उरलं नसल्याची पट्टी तुमच्यासमोर बुडवायला लावा. यावर कोणी चिडलं, तर त्या दिवशी नवा डायलायझर मागा.