रांजणखळगे

उन्हाळ्याची सुटी लागली कीं आमच्यासारख्या शहरवासी कुटुंबांस दोनच दिशा सुचतात. एक डोंगरावरच्या थंड हवेची आणि दुसरी समुद्रकांठची. ज्या कोरड्या, उघड्या, बाभळी-निवडुंगांच्या मुलखांत आपले आजे-पणजे वाढले, तिकडे तोंड करावें असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आणि आलेंच तर देवदर्शनाचें निमित्त पुढें करावें लागतें. गेल्या वैशाखांत आम्ही सहकुटुंब निघालों तेंही शनिशिंगणापुराचें निमित्त करूनच. नेवासें तालुक्यांत आमच्या एका आप्तांची शेती आहे, तेथें मुक्काम होता. जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, तरी मातोश्रींच्या तोंडीं तें अजून नुसतें ‘नगर’ आहे, आणि वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं त्यांनीं तें बदलावें असा आग्रह आम्ही धरीत नाहीं.

शिंगणापुरीं दर्शन झालें. उघड्या चौथऱ्यावर साडेपांच फुटांची काळी शिळा उभी आहे. तिजवर छप्पर नाहीं, आणि गांवांत घरांच्या चौकटींस कवाडें न बसविण्याची चाल आहे. २०११ सालीं युको बँकेनें येथें शाखा काढली ती देखील कुलुपावांचून, हें वाचकांनीं वर्तमानपत्रांत वाचलें असेलच. ८ एप्रिल २०१६ रोजीं, गुढीपाडव्याच्या दिवशीं, हा चौथरा स्त्रियांस खुला झाला, तेव्हांही त्या गांवाचें नांव घरोघरीं झालें होतें. आमची कन्या, वय वर्षें तेरा, हें सर्व पाहून म्हणाली, “देवाला छप्पर नाहीं, घराला दार नाहीं, मग आम्हांलाच तेवढं जिथं तिथं ‘आंत जाऊं नको’ असं कां सांगतात?” तिचा रोख शनीकडे नव्हता, आमच्याकडे होता. आदल्या रात्रीं निघोजच्या रांजणखळग्यांचा विषय निघाला होता, आणि आम्ही तिला सांगून ठेविलें होतें कीं, पाहावयाचें तें कांठावरून पाहावें.

ही मुलगी शहरांतल्या तलावांत पोहावयास शिकली आहे. निळ्या फरशीचा, औषधाच्या वासाचा, शिट्टीवर चालणारा तो तलाव. तेथें तिला दोन पदकेंही मिळालीं आहेत. परंतु तिचें म्हणणें असें, कीं तें पाणी खरें नव्हे. खरें पाणी म्हणजे ज्याचा तळ कोणी बांधलेला नाहीं तें. आमच्या घरांत हें बोलणें सोपें नाहीं. मातोश्रींचें माहेर कुकडीच्याच कांठीं, निघोजच्या वरच्या अंगास आहे. त्या अकरा वर्षांच्या असतांना त्यांचे थोरले बंधु तेथल्या डोहांत बुडाले. त्या दिवसापासून मातोश्रींनीं वाहत्या पाण्यांत पाऊल घातलें नाहीं, आणि आम्हां भावंडांपैकीं एकासही पोहतां येत नाहीं. नातीला तलावावर घालण्यास त्यांची संमति मिळविण्यासाठीं घरांत दोन महिने वाद चालला होता. अशा स्थितींत निघोजला जावयाचें ठरलें तें कोणाच्या सांगण्यावरून, तर मातोश्रींच्याच. “एकदां जाऊन येऊं,” एवढेंच त्या म्हणाल्या.

नगराहून कल्याणच्या रस्त्यानें गेलें म्हणजे पारनेर तालुक्यांत टाकळी ढोकेश्वर हें गांव लागतें. तेथील टेकडींत ढोकेश्वराचें लेणें आहे. अजिंठा-वेरूळचे रस्ते माणसांनीं भरून वाहतात, आणि हें लेणें मात्र दुपारीं बारा वाजतां आम्हांस सर्वस्वीं रिकामें मिळालें. बाहेर डोळे दिपविणारें ऊन. चार पावलें आंत टाकलीं कीं अंगावर गारवा येतो. दगडांतच कोरून काढलेले जाड खांब, मधें शिवलिंगाचा गाभारा, त्याच्या भोंवतीं खडकांतूनच पाडलेली प्रदक्षिणेची वाट, आणि भिंतीवर सप्तमातृका. ही प्रदक्षिणेची वाट काळोखी आहे. तींतून जातांना हात आपोआप भिंतीस लागतो, आणि टांकीचे घाव बोटांस कळतात. सुमारें चौदाशें वर्षांपूर्वीं कोणीतरी घातलेला एकेक घाव! आम्हांस मूर्तींपेक्षां या घावांनींच अधिक थांबवून धरलें.

येथें एक शास्त्रीय गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत भूमीच्या पोटांतल्या नैसर्गिक गुहा फारशा नाहींत. आंध्रप्रदेशांत बेलम येथें तीन किलोमीटरांहून अधिक लांबीची गुहा आहे, तिकडेच बोरा येथेंही मोठी गुहा आहे. पण ती भूमि चुनखडीची. पावसाचें पाणी हवेंतून व मातींतून किंचित् आम्लता घेऊन खालीं उतरतें आणि चुनखडीला विरघळवीत जातें, म्हणून तेथें दालनेंच्या दालनें तयार होतात. आमचा खडक तसा नव्हे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थरांवर थर पसरून जो काळा पाषाण बनला, त्याला पाणी विरघळवूं शकत नाहीं. त्याला पोकळ करावयाचें तर घासलें पाहिजे किंवा फोडलें पाहिजे. फोडण्याचें काम माणसांनीं केलें, त्याचीं लेणीं झालीं. घासण्याचें काम नद्यांनीं केलें, आणि तें पाहावयाचें असेल तर निघोजला जावें.

निघोजची कुकडी हा एक चमत्कार आहे, आणि चमत्कार हा शब्द आम्ही सहसा वापरीत नाहीं. जुन्नराकडून येणारी ही नदी पुढें घोड नदीस मिळते. निघोजपाशीं तिचें पात्र एकाएकीं उघड्या खडकाचें होतें, आणि त्या खडकांत शेंकडों खळगे दिसूं लागतात. कांहीं वाटीएवढे, कांहीं घंगाळाएवढे, आणि कांहीं इतके खोल कीं ‘रांजण’ हें नांव तोकडें पडावें. पुरांत पाण्याला भोंवरे पडतात. खडकांतल्या एखाद्या भेगेंत अगर बारीकशा खोलगटींत गोटे अडकतात, आणि भोंवरा त्यांना जात्यासारखा गरगर फिरवितो. गोटा खडकाला झिजवितो, आणि स्वतःही झिजून नाहींसा होतो; पुढच्या पुरांत त्याच्या जागीं दुसरा येतो. हें काम हजारों पावसाळे चाललें. शेजारच्या रांजणांमधल्या भिंती झिजून ढांसळल्या, ते एकांत एक मिसळले, आणि त्यांतूनच नदीची अरुंद, खोल घळ तयार झाली. युरोपांतही असे खळगे आहेत. स्वित्झर्लंडांत लुसर्न येथें १८७२ सालीं सांपडलेला असा एक खळगा साडेनऊ मीटर खोल आहे, आणि तो हिमनदीखालच्या पाण्यानें कोरलेला आहे. उत्तरेकडचे लोक त्यांस राक्षसांचीं भांडीं म्हणत. आमच्या लोकांस राक्षस सुचला नाहीं, घरांतला रांजण सुचला, याचें आम्हांस कौतुक वाटतें.

नदीच्या दोहों तीरांवर मळगंगेचीं देवळें आहेत. एक तीर नगर जिल्ह्याचा, दुसरा पुणें जिल्ह्यांतल्या टाकळी हाजीचा. पाण्याकांठीं देवी असावी हें या मुलखांत स्वाभाविक आहे. जेथें डोह आहे तेथें शेंदूर फासलेले सात दगड, म्हणजे साती आसरा, बहुधा असतातच. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं पुणें-जुन्नराकडचा हा सर्व प्रदेश पायांखालीं घातला होता, आणि अशा जलदेवतांची दखल १९६२ सालच्या आपल्या ग्रंथांत घेतली आहे. सकाळीं पाहिलेल्या सप्तमातृका आणि या सात आसरा यांचें कांहीं नातें असेल काय, हा विचार आमच्या मनांत घोळत होता. परंतु मातोश्रींस तो बोलून दाखविण्याचें धैर्य झालें नाहीं. त्यांच्या भावास आसरांनीं नेलें असेंच गांव म्हणत आलें होतें.

मुलगी खडकाच्या कडेशीं उभी राहून खालीं पाहत होती. खालचें पाणी हिरवें, निश्चल आणि फार सुंदर होतें. धोका दिसावा असें तेथें कांहींच नव्हतें. शेजारीं मेंढरें घेऊन आलेला एक धनगर बसला होता, तो मातोश्रींस म्हणाला, “आजी, पोरीला खाली जाऊ देऊ नका. वरून रांजणाचं तोंड दिसतं, पोट दिसत नाही. आत गेलेला माणूस कडेला हात घालतो, अन् हात निसटतो. पोहता येणारे बी गेलेत.”

मातोश्री बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग नातीला म्हणाल्या, “माझ्या दादाचं हेच झालं. त्याला सगळ्या गावांत चांगलं पोहता यायचं. लोक म्हणाले, आसरांनी नेलं. आमचे बापू म्हणाले, शेवाळानं नेलं.”

“आजी, तुला येत होतं पोहायला?”

“येत होतं तर. कमरेला भोपळा बांधून विहिरींत शिकले. नंतर भोपळा सोडला.”

“मग तूं कां थांबलीस?”

“आईनं शपथ घातली.”

आम्हांस पन्नास वर्षें हें ठाऊक नव्हतें. आमचा समज असा होता कीं, मातोश्री पाण्यास भितात. आमचें बालपण ज्या भीतीच्या छायेंत गेलें, जिच्यासाठीं आम्ही सहलींस नकार दिले आणि नदीकांठच्या आप्तांकडे जाणें टाळलें, ती भीती त्यांची स्वतःची नव्हती. ती त्यांच्या आईची होती, आणि त्यांनीं ती सांभाळावयास घेतलेल्या ठेवीसारखी जपली होती.

त्यांनीं धनगरास विचारलें, वर पात्र पसरट कोठें आहे? त्यानें जागा दाखविली. खळग्यांचा पट्टा संपून बरेंच वर गेल्यावर वाळूचा तळ होता आणि पाणी कमरेच्या वर नव्हतें. तेथें पोंचल्यावर मातोश्रींनीं प्रथम एक काम केलें. पाण्याच्या अगदीं कडेला वाळूंत एक बाभळीची काडी रोंवली. आम्हीं कारण विचारलें, तेव्हां म्हणाल्या, “पाणी वाढतंय का तें कळतं. आभाळाकडे बघून कळत नाही.” हें शहाणपण त्यांच्या बापूंचें, वळवाच्या दिवसांतलें; पण आज तें अधिकच खरें आहे. वरच्या अंगास माणिकडोह व येडगांव येथें कुकडीवर धरणें आहेत. त्यांतून आवर्तन सुटलें म्हणजे भर उन्हाळ्यांत, निरभ्र आकाशाखालीं नदी चढते. ज्यांस पाण्यांत उतरावयाचें आहे त्यांनीं धरणाचें वेळापत्रक गांवांत विचारून घ्यावें, आणि तरीही काडी रोंवावी.

नंतर लुगड्याचा काच्या आवळून मातोश्री पाण्यांत उतरल्या. आम्ही कांठावर उभे होतों. आमच्या सौभाग्यवतींनीं आमचें मनगट धरून ठेविलें होतें, तें मातोश्रींसाठीं कीं आमच्यासाठीं हें आम्हांस कळलें नाहीं. गुडघाभर पाण्यांत त्या थांबल्या, दोन ओंजळी डोक्यावर घेतल्या, आणखी पुढें गेल्या, आणि कांहींही न बोलतां उताण्या झाल्या. पांढरे केंस पाण्यावर पसरले. हात हालत नव्हते. त्रेसष्ट वर्षें न केलेली गोष्ट देह इतक्या मुकाट्यानें करतो हें पाहून आम्हांस बोलवेना. नात शेजारीं आली आणि आपल्या तलावांतला पदकाचा हात दाखवूं लागली. मातोश्रींनीं तिला पाणी न उडवितां पाय मारावयास सांगितलें. “इतका आवाज कशाला? नदीला कळतंय आपण आलो तें.”

दहा-बारा मिनिटें झालीं असतील. मातोश्रींची नजर काडीवरून ढळली नव्हती. पाण्याची कड काडीस लागलेली दिसतांच त्या म्हणाल्या, “बाहेर.” मुलीनें सांगितलें कीं, हें आपल्याच लाटांनीं झालें असेल. असेलही. मातोश्रींनीं तिचा दंड धरला आणि तिला कांठावर आणलें. आणखी कांहीं वेळानें पाहिलें तों काडी अर्धी बुडालेली होती.

लुगडें खडकावर वाळत घातलें, तें पाव तासांत कोरडें झालें. परततांना धनगरानें एका उथळ, कोरड्या खळग्याच्या तळांतून एक गोटा काढून मुलीच्या हातीं दिला. अंड्यासारखा गुळगुळीत, मुठींत मावेल एवढा, आणि दिसण्यापेक्षां जड. तो घरीं आणल्यावर त्याचें काय करावें यावर बरीच चर्चा झाली. सध्यां तो मातोश्रींनीं यंदां घातलेल्या कैरीच्या लोणच्यावर दडपण म्हणून ठेविला आहे.