उलटी हलणारी भिंत

ओरत्तनाडूला राहायला येऊन आम्हाला चार महिने झाले होते. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या प्रेयसीच्या, मुक्तांबाळच्या आठवणीसाठी बांधलेलं छत्र, म्हणजे जुनी धर्मशाळा, बघायला मी निघाले आणि वाटेतच धाप लागून खाली बसले. वय एकेचाळीस, दोन बाळंतपणं सुखरूप झालेली. शेजारच्या मावशी तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. दुसऱ्या दिवशी त्याच मला तंजावरला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

इकोच्या रिपोर्टात लिहिलं होतं, खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याची हालचाल उलटी. माझे हात गार पडले. बाबांना अटॅक आला तेव्हा त्यांच्या रिपोर्टातही भिंतीची हालचालच बिघडलेली होती, कारण तिथला स्नायू मेला होता. माझाही मेला, असंच मी धरून बसले.

डॉक्टर म्हणाले, स्नायू चांगला आहे. भोक आहे ते वरच्या पडद्याला, दोन कर्णिकांच्या मधे, जन्मापासूनचं. मग भोक वर आणि बिघाड खाली, हे कसं? मावशींनी माझा प्रश्न तमिळमध्ये तीनदा विचारला. तिसऱ्यांदा उत्तर ऐकून त्या मला म्हणाल्या, "शेताचा बांध बघितलास ना? एका खाचरात पाणी जास्त झालं की बांध दुसरीकडे फुगतो."

तेव्हा उलगडलं. भोकातून डावीकडचं रक्त उजवीकडे जातं. उजवी जवनिका, म्हणजे खालचा उजवा कप्पा, वर्षानुवर्षं जास्तीचं रक्त झेलून मोठी होते. हृदय सैल पडून भरताना ती मधला पडदा डावीकडे रेटते, म्हणून डावी जवनिका इकोच्या स्क्रीनवर गोल न दिसता एका बाजूने चपटी, इंग्रजी डी अक्षरासारखी दिसते. मग हृदय आवळलं की पडदा आत यायचा सोडून उजवीकडे उसळतो. निरोगी भिंत, पण भलत्या बाजूच्या भाराने वाकलेली! तरुणपणी शरीर हे निभावून नेतं. त्यामुळे कित्येकांना, त्यातही बायकांना जास्त, चाळिशीपर्यंत पत्ताच लागत नाही.

घरी येऊन रात्र रात्र वाचत बसले. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीन लावून एका तरुणीच्या हृदयातलं असंच भोक शिवलं होतं. त्याच वर्षी स्वीडनमध्ये लुंड इथे एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी, म्हणजे इकोच्याच तंत्राने, हृदयाची हालचाल टिपली. माझं दुखणं सापडलं कसं आणि बरं होणार कसं, दोन्हींची सुरुवात एकाच वर्षातली. हे वाचून मला रडू आलं.

माझी छाती उघडावी लागली नाही. भोकाच्या कडा पुरेशा होत्या, म्हणून जांघेतल्या शिरेतून नळी घालून दोन तबकड्यांची चकती बसवली.

सहा महिन्यांनी पुन्हा इको झाला. उजवी जवनिका आक्रसली होती. मी मान वळवून स्क्रीन बघत होते. डावी जवनिका गोल होती, आणि प्रत्येक ठोक्याला मधली भिंत आत येत होती. तंत्रज्ञ मुलीला मी खुणेनेच म्हटलं, थांब, अजून थोडा वेळ राहू दे.