मेहनत, कसरत, कवायत

आमच्या वाड्यात व्यायाम कुणीच करत नव्हतं. आजोबा नमस्कार घालत. थोरले काका मेहनत करत. धाकटे काका कसरत करत, तीही मल्लखांबावर. आम्हा पोरांना शाळेत कवायत असे, तिची पुढे पी.टी. झाली. 'व्यायाम' हा शब्द सापडायचा तो निबंधाच्या वहीत. 'व्यायामाचे महत्त्व' लिहायचं, मध्ये एखादं संस्कृत वचन टाकायचं आणि दोन गुण जास्त मिळवायचे.

तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच असणार.

आजोबा औंध संस्थानात शिकलेले. तिथले राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः पहाटे नमस्कार घालत आणि शाळेतल्या पोरांनाही घालायला लावत. त्यांचं 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनला निघालं, ही गोष्ट आजोबा पाहुण्यांना आवर्जून सांगत. पाहुणे नवीन नसले तरी सांगत. माजघराच्या भिंतीवर नमस्कारांच्या आकृत्यांचा तक्ता असे, त्याच्या कडा कसरीने खाल्लेल्या. मित्र, रवी, सूर्य, भानू, खग, पूषन् अशी नावं घेत आजोबा खाली-वर होत आणि आम्ही अंथरुणात पडल्या पडल्या ती ऐकत असू. त्यामुळे सूर्याची नावं आम्हाला पाठ झाली, नमस्कार मात्र अंगवळणी पडले नाहीत.

थोरल्या काकांची गोष्ट वेगळी. ते तालमीतले. आमच्या पुण्यात तालीम ही नुसती पैलवान घडवायची जागा नव्हती, तो पत्ताही होता. चिंचेची तालीम, नगरकर तालीम, खालकर तालीम, निंबाळकर तालीम. पोस्टमन घरनंबर बघतच नसे, तालमीवरून उजवीकडे की डावीकडे एवढंच विचारी. कोल्हापूरच्या मावशीकडे तर याहून मजा. तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम हे चक्क फुटबॉलचे संघ. मावसभाऊ 'आज तालमीची मॅच आहे' म्हणाला की आम्ही लाल माती आणि लंगोट शोधायला निघायचो, आणि तिथे बघावं तर गोलपोस्ट.

मेहनत म्हणजे जोर, बैठका, सपाट्या, मग मुद्गल, मग करेल, आणि त्यानंतर हौद्यात उतरणं. हौद्यातली माती ही शेतातली माती नव्हे. तांबडी माती चाळून घ्यायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू कालवायचं, वर कापूर. उकरायची, भिजवायची, पुन्हा उकरायची. दोन कुडव ताक तालमीला जातं आणि घरातल्या पोरांना कढीत पाणी घालून मिळतं, ही आजीची कायमची तक्रार. कुडव हे ताकाचं माप नव्हे, हे तिला कुणी सांगत नसे. काकांवर रागावली की ती मापं अशीच बेफाम वापरी.

लंगोट आई शिवायची. मांजरपाटाचा, दुहेरी शिवणीचा, नाडी वेगळी वळून. वाळत घालायचा तो मागच्या चौकात. पुढच्या दांडीवर दिसला तर आजोबा खाकरत. फाटला की ठिगळ, ठिगळही विरलं की सायकल पुसायला, आणि तिथूनही निवृत्त झाला की बंबात. लेझमीची साखळी तुटली की बोहरी आळीत जायचं आणि चकत्या निखळल्या तर घरातच तारेने ओवायच्या. मुद्गलांना दसऱ्याआधी गोडंतेल चोळायचं. करेलीला चीर गेली तेव्हा काकांनी ती टाकली नाही, लोहाराकडून तिला लोखंडी कडं चढवून आणलं. 'ही माझ्या वस्तादांनी फिरवलेली आहे,' एवढंच म्हणाले. खंडेनवमीला विळी, अडकित्ता, कातर आणि शिवणयंत्राच्या ओळीत ती करेलही कडं मिरवत बसे, झेंडूची माळ घालून.

काका घरी फारसं बोलत नसत, पण त्यांची भाषा सगळ्या घराने उचलली होती. भाजीवालीशी आजीची घासाघीस सुरू झाली की आजोबा म्हणत, 'खडाखडी चाललीय, कुस्ती लागायचीय अजून.' गणिताच्या पेपरात आम्ही चारी मुंड्या चीत होत असू. चादरी आपटताना आई धोबीपछाड घाली. घिस्सा, ढाक, मोळी, बगलडूब, कलाजंग ही नावं आम्हाला येत, डाव एकही येत नसे. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझपदक आणलं, त्याचं वर्तमानपत्राचं कात्रण काकांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेलं होतं. ते पाहायला मिळावं म्हणून आम्ही उगाचच त्यांच्या पेटीतला सुईदोरा मागत असू.

सुईदोरा म्हटलं की धाकटे काका. मल्लखांबावरच्या एका प्रकाराचं ते नाव. तेढी, बगली, दसरंग, फिरकी, वेल, ताजवा, सलामी: काका ही नावं मिठाईची यादी वाचावी तशी सांगत. मग ठरलेली गोष्ट. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पैलवान आले, त्यांच्यापुढे उभं राहायला कुणी धजेना, तेव्हा बाळंभटदादा देवधरांनी मुदत मागून घेतली आणि वणीच्या सप्तशृंगीला जाऊन देवीची उपासना केली. तिथे त्यांना मल्लखांबाची युक्ती सुचली. युक्ती कुणी दिली यावर दुमत: काकांच्या मते मारुतीने, आजीच्या मते देवीने. घरात शांतता हवी असेल तर कुणाचीच बाजू घ्यायची नाही. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लस्तंभ आहेच, असं सांगून आजोबा दोघांनाही गप्प करायचा प्रयत्न करत. कुणी गप्प बसत नसे. वाड्यात एरंडेलाची बाटली दोन कारणांसाठी असे, खांबाला लावायला आणि आम्हाला पाजायला. खांबाची तक्रार नव्हती.

शाळेतली कवायत हे आणखी निराळं संस्थान. मराठी शाळा, मराठी मास्तर, मराठी पोरं, आणि हुकूम मात्र हिंदीत. सावधान, विश्राम, दाहिने मुड, पीछे मुड, कदमताल. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रोफेसर माणिकराव यांनी इंग्रजी हुकमांच्या जागी हिंदी हुकूम आणले, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की 'दाहिने' म्हणजे जेवायचा हात, आणि डावखुऱ्या मुलाची पंचाईत. एक जण शाखेत जाई, त्याला 'दक्ष' आणि 'आरम'ची सवय. 'सावधान' म्हटलं की तो क्षणभर विचारात पडे, आणि त्याच्यामागची अख्खी ओळ त्याच्यावर आदळे.

जिम्नॅस्टिक हा शब्द आमच्याकडे आला तो सर्कशीच्या जाहिरातीतून. जिम्नॅशियम मात्र पत्रातून आलं. वाड्यातल्या एका ताईला जर्मन पत्रमैत्रीण होती. तिचा भाऊ रोज सकाळी आठ वाजता जिम्नॅशियममध्ये जातो आणि दुपारी घरी येतो, असं तिने लिहिलं होतं. थोरले काका हे ऐकून फार प्रभावित झाले. सकाळी आठ ते दुपार मेहनत! खुराक काय असेल? ताईने पुन्हा पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं, तो तिथे लॅटिन शिकतो. जर्मनीत जिम्नॅशियम म्हणजे शाळा. आजोबांनी यावर कोश काढून मूळ ग्रीक शब्द शोधला. ग्रीक तरुण उघड्या अंगाने, म्हणजे अगदी उघड्या अंगाने, कसरत करत, त्यावरून तो शब्द. माजघरातून आजी म्हणाली, 'मग आपली माणसं बरी. एक चिंधी तरी राखली.'

या कसरतीच्या वस्तूही किती फिरल्या आहेत! तालमीच्या अंगणात जो डबलबार होता, त्याचा उगम फ्रीडरिश लुडविग यान या जर्मन मास्तरांकडे. त्यांनी १८११ साली बर्लिनच्या हाझनहाइडमध्ये उघड्यावरचं कसरतीचं मैदान सुरू केलं. तो बार आमच्याकडे आला, आणि १९३६ साली बर्लिनच्याच ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी तिथे आपले देशी खेळ दाखवून आली. मुद्गलांनी तर त्याआधीच समुद्र ओलांडला होता. गोऱ्या फौजेने ते इथून उचलले, विलायतेत त्यांचे हलके 'इंडियन क्लब' झाले, आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये ते फिरवायची स्पर्धाही झाली. आमच्या शाळेत हे क्लब सामानाच्या खोलीत होते. सर ते विलायती म्हणून जपत. घरी त्यांचे थोरले भाऊ दाराला टेकण म्हणून उभे.

आता बायकांचं. वाड्यातल्या बायका व्यायाम, मेहनत, कसरत, कवायत यांतलं काहीच करत नसत, अशी सर्वांची समजूत होती. त्यांचीसुद्धा. पहाटे जातं, मग आडाचं पाणी, मग धुणं, मग कांडण, मध्ये दोन वेळचा स्वयंपाक उकिडवं बसून. एवढं करून श्रावणातल्या मंगळवारी या जागरणाला उभ्या. फुगडी, बसफुगडी, दंडफुगडी, झिम्मा, पिंगा, गोफ, आगोटा-पागोटा, किकीचं पान, कोंबडा. बसफुगडी घालताना उकिडवं बसून गुडघ्यात उड्या मारायच्या असतात. थोरल्या काकांनी पैजेवर एकदा घातली. काही फेऱ्यांत भिंत धरली आणि म्हणाले, 'हे काही खरं नाही.' आत्या नऊवारीचा काष्टा सावरत दुसरी जोडीदारीण शोधत होती. बडोद्याहून निघालेला करंदीकर-मुजुमदारांचा 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांचा आहे. आमच्या घरातल्या पुरुषांपैकी कुणाला तरी आत्याची बसफुगडी बघून तो आठवला असता तर बरं झालं असतं. पण तिला कुणी वस्ताद म्हटलं नाही, तिच्या वाटचं दूध बदाम घालून आटवलं नाही. तालमीच्या दारात तिने फक्त डबा नेऊन दिला, तोही उंबऱ्याबाहेरून.

वाडा बिल्डरकडे गेला तेव्हा वाटण्या शांतपणे झाल्या, कारण वाटण्यासारखं फार नव्हतं. करेल थोरल्या काकांनी नेली. फ्लॅटमध्ये ती बाल्कनीत असते, तुळशीच्या कुंडीशेजारी. तक्ता फ्रेम करायला दिला होता, फ्रेमवाल्याने त्याची कड कापून टाकली. लेझमी कुणाकडे गेल्या कोण जाणे; मला आत्याच्या सुनेचा संशय आहे.

कारण आत्याने सत्तरी उलटल्यावर मंगळागौरीच्या खेळांचा गट काढला. हॉलमध्ये कार्यक्रम असतात, स्पर्धा असतात, बायका पैसे भरून आत्याकडून दंडफुगडी शिकतात. सरावाला त्या आपोआप तालीमच म्हणू लागल्या, नाटकवाले म्हणतात तशी. थोरले काका आता आत्याच्याच सोसायटीत राहतात आणि जेवायला तिच्याकडे असतात. परवा संध्याकाळी मी तिथे होते. आत्या पायात बूट चढवत होती, काका टीव्हीसमोर होते.

'दादा, सातला कुकर लाव हं,' ती दारातून म्हणाली, 'मी तालमीला चाललेय.'

'किती शिट्ट्या?' काकांनी विचारलं.