उसनी स्मृती

ज्या यंत्राला स्वतःची स्मृती नाही, ते रोज सकाळी जागे तरी कसे होते? आमच्या शाळेच्या संगणक-कक्षात येणारा प्रत्येक पाहुणा हाच प्रश्न विचारतो. जुन्या संगणकांच्या हार्ड डिस्क एकेक करून निकामी झाल्या. तेव्हा ती यंत्रे भंगारात न काढता आम्ही एका सर्व्हरला जोडली.

बटण दाबताच अशा यंत्राच्या नेटवर्क कार्डातील इवलासा प्रोग्राम जागा होतो. त्याला ना स्वतःचा पत्ता ठाऊक, ना सर्व्हरचा. म्हणून तो चावडीवर दवंडी पिटावी तसा साऱ्या जाळ्याला पुकारा करतो. सर्व्हर कार्डाचा क्रमांक पाहून त्याला पत्ता देतो आणि कोणती फाइल कोठून घ्यावी तेही सांगतो. ती फाइल ५१२ बाइटांच्या घासांनी येते. एका घासाची पोच मिळाल्याखेरीज दुसरा वाढायचा नाही, हा १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या टीएफटीपीचा मूळ दंडक. घास लहान आला की पंगत आटोपली असे समजावे! मग लिनक्सचा गाभा उतरतो आणि उरलेल्या फायली सर्व्हरवरूनच वाचल्या जातात. बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या बूटपीमध्ये या रीतीचे मूळ आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस इंटेलच्या पीएक्सईने ती साध्या संगणकांपर्यंत आणली.

सोय मोठी. सर्व्हरवर एकदा देवनागरी टंक बसविला की तो साऱ्या पडद्यांवर उमटतो. पण गेल्या पावसाळ्यात विजेच्या लपंडावात सर्व्हर बंद पडला आणि सगळी रांग एकदम मुकी झाली.

तेव्हापासून मनात एक विचार घोळतो आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या घरांची मराठी अशीच दुरून येत आली: पुस्तके पुण्या-मुंबईची, दिवाळी अंक तिकडचे, नाटकेही तिकडची. त्यात कमीपणा काहीच नाही. प्रत्येक घराने सारे ग्रंथालय पोटात बाळगावे, ही अपेक्षाच अवास्तव. परंतु तिकडचा धागा तुटला, तर ‘मी कोण?’ असे विचारणाऱ्या नातवाला उत्तर कोण देणार?

शाळेत आम्ही दुसरा सर्व्हर उभा केला आहे. पहिला थकला तर तो उत्तर देतो. गावोगावची आपली मराठी वाचनालये म्हणजे असेच दुसरे सर्व्हर होत. त्यांच्या कपाटांना कुलूप लागू न देणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.