कागद वकिलाकडं आहेत

भाऊ तुरुंगात, जामिनाचा अर्ज कोर्टात, आणि भावाचे कागद त्याच्याच वकिलाच्या कपाटात अडकलेले. पोलिसांनी अडवलं असतं, समोरच्या पार्टीनं अडवलं असतं, तर समजून घेतलं असतं. ज्याला आपण पैसे देऊन आपल्या बाजूनं उभं केलं त्यानं अडवावं, हे मला अजून पचलेलं नाही.

बांधाचं भांडण कसं लागलं ते सांगत बसत नाही. सोयाबीन काढणीचे दिवस होते, ट्रॅक्टरनं बांध कोरला, शब्दाला शब्द लागला, काठ्या निघाल्या. भावकीतल्या माणसाच्या डोक्याला टाके पडले, माझ्या धाकट्या भावाच्या तळहातावर विळा बसला. फिर्याद त्यांची आधी पडली. खुनाच्या प्रयत्नाचं कलम 109, म्हणजे जुनं 307. कळंब तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर रात्री गाडी आली आणि त्याला घेऊन गेली.

मी धाराशिवला शिक्षिका आहे. मी पोचेपर्यंत घरात वकिलांवरून वाद पेटला होता. आण्णांना जमिनीचा दावा चालवणारे जुने वकील हवे होते. चुलत्यांच्या मते लातूरचाच माणूस पाहिजे. मामा म्हणत होते, पुढाऱ्याच्या जवळचा लावा. जमिनीचा दावा आणि फौजदारी खटला ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्या रात्री कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. ठाण्यासमोरच्या टपरीवर एकानं नंबर दिला. "आक्का, ह्यांना लावा, रातीतून येतेत."

आणि ते आले. रात्री अकरा वाजून गेल्यावर, पावसात, मोटारसायकलवर. आत गेले, भावाला भेटले, बाहेर येऊन आईला म्हणाले, "हात लावू देत नाही मी." चौकशी चालू असताना वकिलाला भेटायचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 38 नं दिलेला आहे, पण रात्री ठाण्यात जाऊन तो मागणारा माणूस लागतो. आई त्यांच्या पाया पडली. वकीलपत्रावर भावाची सही झाली. 25 हजार लगेच आणि 25 हजार जामीन झाल्यावर, असं ठरलं. "जामीन माझ्याकडं लागला," हे त्यांचे शब्द.

दुसऱ्या दिवशी कळंबच्या कोर्टात हजर केलं. न्यायाधीशांनी विचारलं, वकील आहे का? भाऊ म्हणाला, आहे. कसाबच्या खटल्यात 2012 साली सर्वोच्च न्यायालयानं बजावलं होतं, की आरोपीला पहिल्यांदा उभं केलं की त्याला वकिलाचा हक्क सांगायचा आणि वकील नसेल तर सरकारी खर्चानं द्यायचा. आमचा होता, त्यामुळं विषय तिथंच संपला. पीसीआर, म्हणजे पोलिस कोठडी झाली, मग एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी. भाऊ जिल्हा कारागृहात गेला. सत्र न्यायालयात जामिनाचा अर्ज पडला.

पहिल्या तारखेला पोलिसांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, आला नाही. दुसऱ्या तारखेला से आला, वकील आले नाहीत. हायकोर्टाच्या खंडपीठात काम होतं म्हणे. पुढची तारीख पडली. फोन केला तर उत्तर मिळालं, इथं नाही झालं तर छत्रपती संभाजीनगरला खंडपीठात जावं लागेल, त्याची फी वेगळी.

आमच्या गल्लीत एक निवृत्त बेलीफ राहतात. ते म्हणाले, "बाई, वकील बोर्ड बघून निवडू नका. एक दिवस सत्र न्यायालयात मागच्या बाकावर बसा. कोण कागद वाचून बोलतोय, ते कळतंय." मी रजा टाकून बसले. न्यायालय सगळ्यांसाठी उघडं असतं, हे मी मुलांना नागरिकशास्त्रात शिकवलेलं, पण स्वतः कधी आत पाऊल ठेवलं नव्हतं. तिथं एक वकीलबाई दिसल्या. आवाज हळू. एका अर्जावर बोलताना त्यांनी जखमेच्या दाखल्यातली एक ओळ वाचून दाखवली आणि न्यायाधीशांनी मान वर करून तो कागद मागितला. दुपारी मी त्यांना गाठलं. सगळं ऐकून त्यांनी पहिलं विचारलं, "मॅडम, तुमच्या भावाला लागलं होतं का?"

इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. हाताला टाके पडले होते. सरकारी दवाखान्याचा केसपेपर होता, एक्स-रे होता. दोन्ही मूळ कागद पहिल्या वकिलांकडं.

मग मी त्यांच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. कारकून सांगायचा, साहेब कोर्टात आहेत. कोर्टात गेलं की साहेब आत्ताच निघाले. शाळा सुटल्यावर संध्याकाळी जाऊन बसायचं, आठ वाजता कुलूप लागायचं. एकदा भेटले. वकील बदलायचाय म्हटल्यावर चेहरा बदलला. "ना हरकत देतो, फाइल देतो. राहिलेले 25 द्या." जामीन झाला नव्हता, तरी! मी म्हटलं, निदान केसपेपर तरी द्या, तो आमचा आहे. त्यांनी कपाट उघडलं, फाइल काढली, टेबलावर ठेवली, त्यावर हात ठेवला आणि फोनवर दुसऱ्या कुणाशी बोलू लागले. बोलणं संपल्यावर फाइल पुन्हा कपाटात. मी समोर बसलेली. माझा भाऊ त्या कपाटापासून पायी जाण्याच्या अंतरावर कोठडीत.

नंतर कळलं, की थकलेल्या फीसाठी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली आर. डी. सक्सेना खटल्यात हे साफ सांगितलंय. निकालावर फी ठरवायला तर बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांचीच मनाई आहे. म्हणजे ते 'जामीन झाल्यावर 25' मुळातच बेकायदा. हे नियम प्रत्येक कोर्टाच्या व्हरांड्यात मराठीत, मोठ्या अक्षरांत लावायला हवेत. अटक झालेल्याच्या घरच्यांना त्या घडीला जे सांगितलं जातं तेच खरं वाटतं.

वकीलबाईंनी वाट काढली. आधीचा वकील संमती देत नसेल तर कारण सांगून न्यायालयाची परवानगी मागता येते, तसा अर्ज केला. नवं वकीलपत्र तुरुंगात पाठवून, अधीक्षकांच्या सहीशिक्क्यानिशी भावाची सही आणली. अटकेनंतर झालेल्या वैद्यकीय तपासणीची नक्कल काढली. त्यात तळहाताची जखम, टाके, सगळं होतं, आणि फिर्यादीत त्याचा शब्दही नव्हता. समोरच्याची जखम दाखल्यात साधी निघाली. युक्तिवाद फार वेळ चालला नाही. जामीन झाला. दर रविवारी ठाण्यात हजेरी, साक्षीदारांच्या वाटेला जायचं नाही. जामीनदारासाठी चुलत्यांनी सातबारा दिला.

एक गोष्ट उशिरा कळली. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. 1987 च्या विधी सेवा कायद्यात तशी तरतूद आहे, बायकांनाही आहे. त्यासाठी लोक अभिरक्षक कार्यालय आहे. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "फुकटचा कुठं जीव तोडून भांडतोय?" मी त्यांच्याशी वाद घातला. पण जीव कोण तोडतो हे पैशावर ठरत नाही, एवढंच मला दिसलं. वकीलबाईंनी घेतले ते पहिल्याच्या निम्म्याहून कमी.

पहिल्या वकिलांची तक्रार बार कौन्सिलकडं करायची, हे मी पक्कं ठरवलं होतं. अर्ज लिहून झालाय. आई पाठवू देत नाही. "त्या रातीला पोराला मार बसला नाही, तो त्यांच्यामुळं," एवढंच ती म्हणते. आणि ते खोटं नाही. भाऊही तेच सांगतो.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या वस्तीवरच्या एका पोराला उचललं. रात्री उशिरा त्याच्या आईचा फोन आला, "आक्का, कोणता वकील लावू?" विधी सेवेचा 15100 नंबर सांगितला. वकीलबाई रात्री ठाण्यात येत नाहीत, त्यांचं नाव सकाळसाठी लिहून घ्यायला लावलं. मग तिचं रडणं ऐकत थोडा वेळ थांबले आणि पहिल्या वकिलांचाही नंबर दिला. म्हटलं, आज रात्रीपुरतं बोलवा, आज रात्रीचेच पैसे ठरवा, पावती मागा, आणि दवाखान्याचे कागद द्यायचे झाले तर फक्त झेरॉक्स द्या.