एक जोड कोरडा

1987च्या ऑक्टोबरात आमची पलटण मद्रासहून विमानाने जाफन्याजवळ पलालीला उतरली. निघताना सगळे ‘शांतिसेना’च म्हणत होते. जुलैत कोलंबोला भारत-श्रीलंका करार झाला होता, तेव्हा तमिळ बंडखोरांची हत्यारं गोळा करून दोन-तीन महिन्यांत परत येतो, असं मी आईला पत्रात लिहिलं होतं. उतरलो तेव्हा त्याच बंडखोरांशी लढाई पेटलेली होती.

अंगावर काय काय होतं, ते आजही डोळे मिटून सांगेन. भरल्या मॅगझिनसह जवळजवळ पाच किलोची एसएलआर रायफल, कमरेला पाण्याची बाटली, खिशात फील्ड ड्रेसिंग, पाठीवरच्या पिठ्ठूत ग्राउंडशीट, मेस टिन, मोज्यांचे जोड आणि शंकरपाळे. लंगर, म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर, मागे राहिलं की शंकरपाळे आणि पाणी हेच जेवण.

एसएलआर मैदानातलं उत्तम हत्यार, लांबवर अचूक मारणारं. पण जाफन्यात ताडाच्या झावळ्यांची कुंपणं; दहा पावलांवरचा माणूस दिसत नसे. समोरच्या पोरांकडे आखूड एके-47. तिच्यात तीस गोळ्या, घोडा दाबून धरला की सुटतच राहायच्या. आमच्याकडे वीस, आणि दर गोळीला घोडा पुन्हा दाबायचा. घरात शिरताना आमची लांब नळी चौकटीला अडकायची. त्या अडकण्याच्या क्षणी छातीत जे होतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

रस्त्यांत सुरुंग पुरलेले, त्यांच्या तारा लांब झाडीत. म्हणून आम्ही रस्ता सोडून, पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवून चालायचो. नोव्हेंबरात पाऊस थांबेना. मोजे उतरवताना पायाची कातडी सोबत निघायची. माझा जोडीदार कोल्हापूरकडचा लान्स नायक. रात्री ग्राउंडशीट डोक्यावर ओढून तो नळी साफ करायच्या फुलथ्रूला तेलाची चिंधी लावायचा आणि माझी रायफलही ओढून घ्यायचा. “तू पाय कोरडे कर रं, नळीचं मी बघतो.”

डिसेंबरात तो सुरुंगात गेला. त्याच्या सामानाची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मेस टिन एक. दाढीचं सामान. इनलँड लेटरं सहा. मोजे दोन जोड, त्यांतला एक नवा, घडी न मोडलेला, कोरडा. पाय माझे सडले होते आणि कोरडा जोड त्याच्या पिठ्ठूत होता. तो कधीसाठी जपून ठेवला होता, कोण जाणे. यादीत मी ‘एक जोड कोरडा’ असं लिहिलं. हवालदारसाहेबांनी ते खोडलं नाही.

शांतिसेनेची शेवटची तुकडी 24 मार्च 1990ला त्रिंकोमालीहून निघाली. लंकेत आपले सुमारे 1,200 जवान गेले. 8 महार बटालियनच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचं नाव मरणोत्तर परमवीर चक्रामुळे पुस्तकांत तरी आहे. बाकीच्यांची नावं त्यांच्या घरच्यांनाच माहीत. आमच्या सातारा भागात घरटी फौजी, पण शाळेतली पोरं कारगिलचं विचारतात, लंकेचं नाही. तुमच्या गावात लंकेहून परतलेला कुणी असेल, तर तो आता साठीच्या आसपास किंवा पुढे असणार. त्याच्याकडे जाऊन बसा. पिठ्ठूत काय काय होतं, एवढंच विचारा.