पिवळ्या पट्ट्यातली दुकानं

2011 साली दिवाळी 26 ऑक्टोबरला होती. तमिळनाडूत दिवाळी म्हणजे नरकचतुर्दशीचा एकच दिवस. पहाटे तेल लावून स्नान, नवे कपडे, फराळ, की सण साजरा झाला. ते नवे कपडे घ्यायला अर्धं राज्य चेन्नईच्या त्यागरायनगरात, म्हणजे टी. नगरात लोटतं. त्या वर्षीही लोटलं. दिवाळीनंतर पाचव्या दिवशी, 31 ऑक्टोबरला, चेन्नई महानगर विकास प्राधिकरण आणि महापालिका यांची माणसं रंगनाथन स्ट्रीट आणि उस्मान रोडवर आली आणि त्यांनी दोन डझनांच्या आसपास इमारतींना सील ठोकलं. त्यांत साड्यांची, दागिन्यांची, भांड्यांची बडी दुकानं होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी 2012 मध्ये, पोंगलच्या तोंडावर, काही आठवड्यांपुरती ती उघडली. तात्पुरती म्हणून उघडलेली दारं पुढे उघडीच राहिली.

मी नगररचनाकार आहे. शिक्षण पुण्यात झालं, काम चेन्नईत करते. एवढी मोठी इमारत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बेकायदा उभी राहतेच कशी, असं महाराष्ट्रातले मित्र विचारतात. ती एकदम उभी राहत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं.

टी. नगर ही आखून वसवलेली वस्ती. सर पॅट्रिक गेडीस, जे पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले, 1915 च्या सुमारास मद्रासेत आपलं नगररचनेचं प्रदर्शन घेऊन आले होते. त्यांच्यापाठोपाठ हेन्री लँचेस्टर आले. 1920 मध्ये मद्रास इलाख्याला नगररचनेचा स्वतंत्र कायदा मिळाला आणि 1923 ते 1925 च्या दरम्यान, लाँग टँक नावाच्या लांबलचक तलावाचा भाग कोरडा करून, जस्टिस पार्टीच्या सरकारने मांबलमला ही नवी वस्ती आखली. मधे पनगल पार्क, त्याच्यापासून फुटणारे रस्ते, प्रशस्त भूखंड, बंगल्याभोवती आंब्या-नारळाला जागा. रस्त्यांना आणि बागांना नावं त्याच पक्षाच्या पुढाऱ्यांची: उस्मान, नटेशन, जी. एन. चेट्टी. वस्तीलाच नाव पिट्टी त्यागराय चेट्टींचं. नल्लींचं रेशमी साड्यांचं दुकान 1928 पासून इथे आहे. म्हणजे वस्तीच्या जन्मापासून शेजारी दुकान आहेच. त्यामुळे ‘पूर्वी इथे फक्त घरं होती’ हे जुन्या रहिवाशांचं म्हणणं मला जसंच्या तसं मान्य नाही. चालत जाऊन भाजी, औषध, साडी मिळावी ही चांगल्या वस्तीची खूण आहे. भांडण दुकानाशी नाही, दुकानाच्या आकाराशी आणि त्याने शेजाऱ्याच्या माथी मारलेल्या ओझ्याशी आहे.

बदल असा होतो. तळमजल्यावर आधी डॉक्टर बसतात, मग शिंप्याचं दुकान, मग हॉलमध्ये साड्यांचा सेल. वीज मंडळ मीटर व्यापारी दराने आकारू लागतं. महापालिका मालमत्ता करही व्यापारी दराने घेऊ लागते. मालकाच्या हातात दोन सरकारी पावत्या पडतात आणि सरकारने आपला धंदा मान्य केला असं त्याला वाटतं. वाटणारच. पण प्राधिकरणाच्या नकाशावर तो भूखंड अजून पिवळाच असतो, म्हणजे प्राथमिक निवासी. पैसे घेणारी खाती वेगळी, रंग ठरवणारं खातं वेगळं. कर भरल्याने बांधकाम किंवा वापर नियमित होत नाही, हे मालकाला कळतं ते नोटीस आल्यावर. तोवर बंगला पाडून पाच मजले चढलेले असतात.

रंग रीतसर बदलण्याचीही सोय आहे. तमिळनाडूच्या 1971 च्या नगररचना कायद्याचं कलम 32(4) त्यासाठीच आहे. मालक अर्ज करतो, जागेची पाहणी होते, वर्तमानपत्रात जाहिरात येते, हरकती मागवतात, तांत्रिक समिती बसते, मग प्राधिकरण निर्णय घेतं. आपल्याकडे महाराष्ट्रात 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात कलम 37 आहे, महिन्याच्या आत हरकत घ्यायची असते, तसंच हे. ही जाहिरात कुणी समोर धरून वाचून पाहावी. त्यात गाव मांबलम, ब्लॉक अमुक, टी. एस. (टाउन सर्व्हे) नंबर तमुक, एवढंच असतं. घराचा दरवाजा क्रमांक नाही, गल्लीचं नाव असलं तर नशीब. चेन्नईत आधीच प्रत्येक दारावर ‘जुना नंबर’ आणि ‘नवा नंबर’ अशा दोन पाट्या. त्यात टी. एस. नंबर हा तिसरा, आणि तो खरेदीखत काढल्याशिवाय कुणाला पाठ नसतो. आपल्या भिंतीला लागून असलेल्या घराबद्दल ही जाहिरात आहे हे शेजाऱ्याला समजेपर्यंत मुदत निघून गेलेली असते. मग ‘हरकती आल्या नाहीत’ अशी नोंद फाइलीत होते. आमच्या व्यवसायातली ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती सुधारायला ना कायदा बदलावा लागतो ना पैसा लागतो. दारावर एक फलक लावला तरी पुरे.

बहुतेक मालक मात्र या वाटेला जातच नाहीत. त्यांना ठाऊक असतं की थांबलं की नियमितीकरण येतं. कायद्यात 1998 मध्ये कलम 113-अ आलं आणि 28 फेब्रुवारी 1999 पर्यंतची बांधकामं दंड भरून नियमित करायची ठरली. एकदाच, असं म्हणून. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली. कंझ्युमर अॅक्शन ग्रुप ही चेन्नईची संस्था न्यायालयात गेली. 23 ऑगस्ट 2006 रोजी मद्रास उच्च न्यायालयाने पहिली माफी एकदाचा उपाय म्हणून चालवून घेतली, पुढच्या मुदतवाढी रद्द केल्या आणि देखरेख समिती नेमली. ‘ट्रॅफिक’ रामस्वामी हे एकटे म्हातारे गृहस्थ अशाच बांधकामांविरुद्ध याचिकांमागून याचिका करत राहिले. 2007 मध्ये सरकारने वटहुकूम काढून कारवाई रोखली. 2012 मध्ये कलम 113-क आलं, त्याची तारीख 1 जुलै 2007. महाराष्ट्राच्या वाचकाला यात नवं काही वाटू नये. आपला गुंठेवारी कायदा 1 जानेवारी 2001 वर थांबणार होता, तो 31 डिसेंबर 2020 पर्यंत आला. जी तारीख पुढे सरकते, तिची भीती कुणाला वाटणार?

या सगळ्याचा भार कोण उचलतं, ते मी उस्मान रोडमागच्या एका गल्लीत पाहिलं आहे. तिथे एका मामींचं घर आहे, सासऱ्यांनी बांधलेलं, मद्रास टेरेसचं छप्पर, पुढे झोपाळा. सकाळी सहाला त्या दारात कोलम काढतात. आठला त्यावर मालाचा टेम्पो उभा राहतो. पलीकडच्या दुकानाच्या जनरेटरचं धुराडं त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीवर, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या उंचीला. वाहनतळ म्हणून मंजूर झालेल्या तळघरात मालाचे गठ्ठे, म्हणून गिऱ्हाइकांच्या गाड्या गल्लीत. गल्लीची ड्रेनेज लाइन चार-सहा कुटुंबांच्या हिशेबाची. आता तिच्यात शेकडो विक्रेत्या मुलामुलींची स्वच्छतागृहं सोडलेली. पाऊस पडला की मॅनहोल आधी मामींच्या दारात उकळतो. घर विका म्हणून दलाल दर महिन्याला येतो. त्या म्हणाल्या, “मी गेले की हेही दुकानच होणार, पण माझ्या डोळ्यांदेखत नको.”

या भारात त्या दुकानांतल्या मुलांचाही वाटा आहे. दक्षिण जिल्ह्यांतून आलेली ही मुलं उभ्याने बारा-बारा तास काम करत होती. त्यांना बसायला स्टूल द्यायचा कायदा तमिळनाडूने 2021 मध्ये केला. सप्टेंबर 2008 मध्ये रंगनाथन स्ट्रीटवरच्या एका बहुमजली दुकानाला पहाटे आग लागली आणि दोन कामगार दगावले. 31 मे 2017 ला उस्मान रोडवरचं सात मजली कापडदुकान पेटलं, दिवसभराहून जास्त वेळ जळत राहिलं आणि शेवटी जबड्यासारख्या यंत्राने कुरतडून ती इमारत पाडावी लागली. बाजूची अंतरं, जिना, बंब फिरायला लागणारी जागा या नकाशावरच्या क्षुल्लक रेघा नाहीत. नियमितीकरणाची पावती फाडली तरी दोन इमारतींमधलं अंतर वाढत नाही.

दिल्लीत हेच भांडण 2006 मध्ये पेटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सीलबंदी सुरू केली, शहर बंद पडलं, आणि सप्टेंबरात सरकारने 2183 रस्ते एका फटक्यात मिश्र वापराचे किंवा व्यापारी ठरवून टाकले. मला तो मार्ग पटत नाही, आणि एकेका भूखंडाचा रंग बदलणंही पटत नाही. बदलायचा तर अख्खा रस्ता घ्यावा. त्याची रुंदी, ड्रेनेज, पाणी, वाहनतळ मोजावा, दुकान किती चौरस फुटांपर्यंत आणि किती वाजेपर्यंत हे ठरवावं, आणि मालकाच्या वाढलेल्या भावातला वाटा त्याच गल्लीच्या गटारावर खर्च करावा. टी. नगरातल्याच पाँडी बाजारात 2019 मध्ये रुंद पदपथ झाले, ते फेरीवाले, दुकानदार, रहिवासी यांच्याशी अनेकदा बसून बोलल्यावरच. तिथे हे जमलं.

आता पनगल पार्कखाली मेट्रोचं स्टेशन होतं आहे. 2019 च्या नियमांनी साधा चटईक्षेत्र निर्देशांक दीडचा दोन झालाच आहे, मेट्रोलगत त्याहून जास्त द्यायचं चाललं आहे. 2008 च्या दुसऱ्या बृहत् आराखड्याची मुदत 2026 ला संपते, आणि 2027 ते 2046 च्या तिसऱ्याचं काम सुरू आहे. मामींच्या गल्लीतल्या लोकांना मी सांगितलं आहे की त्याच्या सुनावणीला नुसता विरोध घेऊन जाऊ नका. गल्लीची रुंदी टेपने मोजून न्या, मॅनहोल उकळल्याच्या तारखा लिहून न्या, प्रत्येक इमारतीचा मंजूर नकाशा माहितीच्या अधिकारात मागवा आणि सोबत टी. एस. नंबरांची यादी करा. यादीचं काम एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी घेतलं आहे.